रंगाखाली काय आहे? जुनी पद्मिनी घेताना आणि विकताना

गाडी जुनी असो की नवी, आपल्या घरांत तिच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. चालते का? आणि केवढ्याला? गाडी पोटापाण्यासाठी घ्यायची असेल तर हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पण अलीकडे जुन्या पद्मिनीच्या बाबतीत तिसराच प्रश्न पुढे आला आहे. ‘ओरिजिनल आहे का?’ पुण्या-मुंबईचा हौशी माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, दाराची कड बोटाने चाचपतो, रबर उचकटून पाहतो आणि मग भाव सांगतो. त्याने काय पाहिले ते त्यालाच ठाऊक. गाडीचा मालक मात्र बघत राहतो.

या व्यवहारात आपली माणसे दोन्ही बाजूंना सापडतात. कुणाच्या अंगणात वडिलांनी घेतलेली गाडी ताडपत्रीखाली उभी असते आणि ती भंगाराच्या भावात जाते. कुणी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून हौसेने एखादी चकचकीत गाडी घरी आणतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्या दारांना फोड येतात. दोन्हीकडे नुकसान कष्टाच्या पैशाचे. म्हणून गाडीचा बाहेरचा पत्रा कसा पारखावा आणि ‘मूळची गाडी’ म्हणजे नेमके काय, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. इंजिनाची परीक्षा हा वेगळा विषय आहे. इंजिन उघडून दुरुस्त करता येते. कुजलेला पत्रा मात्र घर विकायला लावतो, असे जुने मेकॅनिक सांगतात ते उगीच नाही.

या गाडीचे आणि आपल्या गावाचे नाते

वालचंदनगर हे नाव ज्यांचे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इकडे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाना उभा राहिला, तिकडे मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना. सुरुवातीला तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. वालचंद हिराचंद १९५३ साली वारले. त्यानंतर १९५४ मध्ये फियाट ११०० बाजारात आली. पुढच्या तोंडामुळे आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. १९७२ मध्ये फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

१०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गोल दिवे, मागे बारीक उंचावलेली शेपटी, पुढच्या दारांना त्रिकोणी काच, १४ इंची चाके. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या अखेरीस आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मात्र ती टिकून राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. दृष्टीआड झाली आणि मागणी वाढली. जगाची रीतच तशी आहे.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

गाडीची स्थिती आणि गाडीचा मूळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथेच बहुतेकांची गल्लत होते.

स्थिती म्हणजे पत्रा धड आहे का, गंज किती, दारे नीट बसतात का. मूळपणा म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून जी बाहेर पडली, त्यातले आज किती शिल्लक आहे. एखादी गाडी चकचकीत असेल, पण तिचा निम्मा पत्रा नवा आणि दिवे दुसऱ्याच गाडीचे असतील. दुसरी गाडी रंग उडालेली, बंपरवर तांबूस डाग पडलेली असेल, पण तिचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक काच पहिल्या दिवसाची असेल. पोटापाण्याच्या बाजारात पहिलीला भाव आहे. हौशी माणसांच्या बाजारात दुसरीला आहे. कारण रंग कधीही मारता येतो, मूळपणा मात्र एकदाच असतो.

म्हणून कागदावर दोन रकाने पाडावेत. एकात स्थिती लिहावी, दुसऱ्यात मूळपणा. दोन्हींची बेरीज करू नये. हिशेबात जसे जमा आणि खर्च वेगळे ठेवतो, तसेच हे.

आधी कागद

पत्र्याला हात लावण्याआधी आरसी पाहावे. त्यावर गाडी बनल्याचा महिना-वर्ष, रंग, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. कागदावर रंग पांढरा आणि गाडी समोर निळी उभी, तर रंग बदलला आहे हे बोट न लावता कळले. चेसिस नंबर गाडीवर जेथे ठोकलेला आहे तेथे कागद धरून त्यावर पेन्सिल घासावी. आरटीओत पासिंगच्या वेळी असाच ठसा घेतात. उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबराच्या आसपास वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर तेथून नमस्कार करून निघावे. भाव कितीही उतरवला तरी थांबू नये. चोरीची किंवा दोन गाड्यांची मिळून एक केलेली गाडी घरी आली, तर गाडीही जाते, पैसाही जातो आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आपल्या नशिबी येतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पुढे वाढवावी लागते. ती वाढवलेली आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, कर्जाची नोंद उतरवली आहे का, हे विचारावे. आपल्या इंदापूर, बारामती, दौंड भागासाठी बारामतीचे आरटीओ कार्यालय आहे, एमएच ४२. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक झाली आहे, तीही पाहावी. शेतकऱ्याने सातबारा न पाहता जमीन घेऊ नये, तसेच हे आहे.

लांबून पाहा

गाडी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावी. भर दुपारी सगळेच चमकते. गाडी नुकतीच धुऊन ओली ठेवलेली असेल तर वाळेपर्यंत चहा घ्यावा. पाण्याने फिका रंगसुद्धा ताजा दिसतो.

प्रथम दहा-बारा पावले मागे उभे राहून गाडी सरळ उभी आहे का पाहावे. एक बाजू खचलेली तर नाही? मग मागच्या दिव्यापाशी गुडघ्यावर बसून दाराच्या रेषेत पुढे नजर टाकावी, सुतार फळीचा बाक पाहतो तशी. मूळ पत्र्यावर आजूबाजूचे प्रतिबिंब सलग वाहते. ठोकून काढलेल्या, पुट्टी भरलेल्या पत्र्यावर ते लाटा येऊन तुटते.

मग फटी पाहाव्यात. बॉनेट आणि मडगार्ड, मडगार्ड आणि दार, दार आणि दार, डिकी आणि मागचा पत्रा. फट डावी-उजवी सारखी आहे का? त्या काळच्या गाड्यांत फटी आजच्यासारख्या काटेकोर नव्हत्या, हे लक्षात ठेवावे. पण वर करंगळीएवढी आणि खाली सुईएवढी फट असेल, तर अपघात झाला आहे, बिजागरी झिजली आहे किंवा खालचा पत्रा कुजून गाडी वाकली आहे. दार अर्धे उघडून हाताने वर उचलून पाहावे. नुसतेच हलले तर बिजागरीची पिन गेली, ते काम थोडक्यात होते. दाराबरोबर खांबाचा पत्राही हलला तर काम मोठे आहे.

गंज कोठे लपतो

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून गंज हा या गाडीत दिसण्याचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे.

गंज नेहमी पाणी आणि माती साचते तेथे सुरू होतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती पाल्याने-मातीने बुजली की पाणी आत राहते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत भोक पडलेले असते. म्हणून दाराखालची कड बोटाने चाचपावी. तसेच चाकांवरची कमान, मडगार्डचा मागचा भाग, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची पट्टी, डिकीचा तळ, स्टेपनीची जागा, दिव्यांच्या भोवतालचा पत्रा आणि छताच्या कडेची पन्हळ पाहावी.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दारांखालची लांब पेटी, जिच्यावर पाय ठेवून आपण आत बसतो. गाडीचा सगळा भार तिच्यावर. आतली मॅटिंग उचलून पायाखालचा पत्रा पाहावा. मागच्या चाकांच्या पाट्यांचे स्प्रिंग जेथे बॉडीला बसते, ती जागा टॉर्च लावून पाहावी. एका बाजूला जॅक लावल्यावर दार घट्ट बसू लागले किंवा उघडेनासे झाले, तर पेटी खचली आहे असे समजावे. मात्र नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालू नये. कुजलेल्या जागी जॅक आत घुसतो.

गाडीखाली सगळीकडे ताजे काळे डांबरी कोटिंग दिसले, तर विचारावे, ‘हे कधी केले? आधीचे फोटो आहेत का?’ चांगला माणूस गंज काढून कोटिंग करतो आणि काम चालू असतानाचे फोटो दाखवतो. वाईट माणूस गंजावरच कोटिंग मारतो.

मुंबईची खारी हवा पत्र्याला जितकी खाते, तितकी आपल्याकडची कोरडी हवा खात नाही. म्हणून देशावर आयुष्य काढलेल्या गाडीला मागणी असते. पण आपल्याकडेही कालव्याच्या ओलीवर, शेणामातीच्या जमिनीवर, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी खालून कुजते. वरून कोरडी आणि खालून ओली, ही गाडीची सर्वांत वाईट अवस्था.

रंग आणि पुट्टी

कारखान्याचा रंग पातळ असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यावर दुसरा रंग चढला की जाडी दुप्पट होते आणि खाली पुट्टी असली तर कित्येक पट. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. आपल्याला लोहचुंबकही पुरतो. पातळ चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर ठेवावा आणि हळूहळू पुढे सरकवावा. लोखंडाला तो धरतो, पुट्टीच्या जाड थरावर सुटतो. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. पत्रा टणटण बोलतो, पुट्टी मुकी असते.

पुढची जागा म्हणजे कडा. रंगारी मोठ्या पत्र्यावर हात साफ चालवतो, कडेला मात्र पकडला जातो. खिडकीचे रबर हलकेच उचलून पाहावे. खाली दुसरा रंग आहे का? रबरावर, काचेच्या कडेवर, बिजागरीवर रंगाचा फवारा बसला आहे का? बॉनेटच्या आत, डिकीत, दाराच्या चौकटीत, डॅशबोर्डखाली बाहेरच्यासारखाच रंग आहे का?

आणखी एक साधी खूण आहे. पद्मिनीच्या काळातल्या साध्या रंगावर वरून पारदर्शक थर नसे. कोपऱ्यात मालकाच्या परवानगीने पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर रंग जुन्या पद्धतीचा आहे. फडके पांढरेच राहिले तर वरून लॅकर मारलेले आहे, म्हणजे रंगकाम नंतरचे.

कारखान्यात पत्रे जोडताना स्पॉट वेल्डिंग होते. दाराच्या कडेला, पन्हळीत, डिकीच्या ओठाला सारख्या अंतरावर गोल खळगे दिसतात. त्या जागी वेल्डिंगची ओबडधोबड माळ दिसली किंवा सगळे गुळगुळीत बुजलेले दिसले, तर तेथे पत्रा बदलला आहे. पत्रा बदलणे हा गुन्हा नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत ते व्हायचेच. बदलून ‘बदलला नाही’ म्हणणे हा गुन्हा आहे.

टॅक्सी होती का?

मुंबईतून आलेली पद्मिनी असेल तर ही शंका घेतलीच पाहिजे. टॅक्सी रात्रंदिवस चाललेली असते, त्यामुळे तिचा भाव वेगळा. काळ्या अंगावर पिवळे छत ही टॅक्सीची खूण. छताच्या रबराखाली, दाराच्या वरच्या चौकटीत पिवळा रंग डोकावतो का पाहावे. जुना लोखंडी मीटर डाव्या बाजूला बाहेर बसवलेला असे. त्याची बुजवलेली भोके आतून हात घातला की लागतात. सामानाचा कॅरियर पन्हळीला आवळलेला असे, त्यामुळे पन्हळ जागोजागी दबलेली असते.

टॅक्सी असणे यात कमीपणा काही नाही. कित्येक घरे त्या टॅक्सीवर उभी राहिली, मुले शिकली. ती टॅक्सी म्हणूनच कुणी जपली तर तिचेही मोल आहे. पण टॅक्सी घेऊन ‘डॉक्टरांची एकहाती गाडी’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

क्रोम, काचा, दिवे आणि नाव

मूळ बंपर जाड पत्र्याचे आणि त्यावर निकेल-क्रोमचा मुलामा. जुन्या मुलाम्यावर बारीक तांबूस टिपके येतात, ते वयाचे लक्षण समजावे. नव्याने मुलामा देताना बंपर घासावा लागतो, त्यामुळे धारदार कडा गोल होतात आणि भोके पसरतात. स्वस्तात नुसता वरवर चढवलेला मुलामा एका पावसाळ्यात सुटतो. बंपरच्या मागे हात घालून पाहावे. समोरून चांदी आणि मागून पापुद्रे, असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो. सगळ्या काचांचे शिक्के सारखे असतील तर गाडी पुष्कळ अंशी सरळ आयुष्य जगलेली आहे. एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या असतील तर त्या बाजूला काय झाले होते ते विचारावे.

पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, मागचे दिवे, बाजूच्या पट्ट्या, चाकाच्या टोप्या हे सामान वर्षागणिक बदलत गेले. म्हणून ‘पद्मिनीचे आहे’ एवढे पुरत नाही, ‘त्याच वर्षाच्या पद्मिनीचे आहे का’ हे पाहावे लागते. कुर्ल्याच्या बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात नकली सामान आणि जुने अस्सल सामान शेजारी शेजारी ठेवलेले असे. नकली सामान वजनाला हलके असते आणि त्याची भोके जुळत नाहीत.

पद्मिनीवर फियाटचे बोधचिन्ह लावण्याची फॅशन आहे. फियाटशी करार १९७२ मध्ये संपला होता. म्हणून १९८० सालच्या गाडीवर फियाटचे नाव दिसले तर ते कुणीतरी नंतर लावले आहे. यात मोठे नुकसान नाही, पण त्यावरून मालकाने आणखी कोठे हौस केली असेल याचा अंदाज येतो.

सर्वांत चांगला साक्षीदार कोण? घरातला जुना अल्बम. लग्नाच्या, बारशाच्या, सहलीच्या फोटोत मागे उभी असलेली गाडी. तिची जाळी, तिची टोपी, तिचा रंग त्यात टिपलेला असतो. असे फोटो जपून ठेवावेत आणि गाडी विकताना त्यांची प्रत द्यावी.

एका फिटरची नजर

आमच्या परिचयातील एक निवृत्त फिटर आहेत. सारे आयुष्य वर्कशॉपमध्ये मापे घेण्यात गेले. ओळखीच्या एका कुटुंबाला गाडी घ्यायची होती, म्हणून ते सोबत आले. आम्हीही होतो. गाडी विकणारा तरुण बोलका होता.

“काका, गाडी एकदम ओरिजिनल आहे. कंपनीचा रंग आहे.”

काकांनी उत्तर दिले नाही. खिशातून रुमाल काढला, त्यात चुंबक गुंडाळला आणि मागच्या दाराखाली लावला. चुंबक खाली पडला. उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला.

“बाळा, कंपनी लोखंडाचं दार देत होती का सिमेंटचं?”

तरुण हसला. मग म्हणाला, “काका, तेवढं एक दार केलंय.”

“मग तेवढं एक दार केलंय असं आधीच सांगायचं की. आता बाकीच्या तीन दारांवर कोण विश्वास ठेवणार?”

काकांनी बाकीची गाडीही पाहिली. तीन दारे खरोखर चांगली निघाली. त्या तरुणाने पहिल्यांदाच खरे सांगितले असते तर तासाभरात व्यवहार झाला असता. अखेर झाला, पण भाव उतरूनच. आम्हाला त्यातून उमगले ते असे की, जुन्या गाडीच्या बाजारात दोषाची किंमत थोडी आणि लपवलेल्या दोषाची किंमत फार मोठी असते.

हिशेब मांडून पाहा

केवळ हिशेबासाठी आकडे घेऊ. समजा, ‘क’ ही गाडी चकचकीत आहे आणि दीड लाखाला मिळते. ‘ख’ ही रंग उडालेली, पण पत्रा धड आणि सामान मूळचे, ती एक लाखाला मिळते. बहुतेकजण ‘क’ घेतील. आता ‘क’च्या पुट्टीखाली पेटी कुजलेली निघाली. ती कापून नवा पत्रा, वेल्डिंग, पुन्हा रंग असा ८० हजारांचा खर्च आला. गाडी पडली २ लाख ३० हजारांना, आणि मूळपणा तर आधीच गेलेला. ‘ख’ला रबर, बारीक गंजकाम आणि पॉलिश मिळून २५ हजार लागले. ती पडली सव्वा लाखाला आणि मूळपणा शाबूत. आकडे तुमच्या व्यवहाराचे घाला, मांडणी हीच ठेवा.

म्हणून नियम असा करावा. रंग फिका, क्रोम डागाळलेला, रबर कडक, एखादा मडगार्ड बदललेला, हे चालेल. भाव करावा आणि घ्यावी. पेटी, पायाखालचा पत्रा, स्प्रिंगच्या जागा कुजलेल्या असतील तर चांगल्या कारागिराचा लेखी अंदाज हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. चेसिस नंबर जुळत नसेल तर गाडी फुकटही घेऊ नये.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांना आमची विनंती आहे. गिऱ्हाईक येणार म्हणून गाडीला स्वस्तात रंग मारू नका. आपल्याला वाटते, पाहुण्यांसमोर मुलीला नवे लुगडे नेसवावे तसे गाडीला सजवावे. हौशी माणूस मात्र ताजा रंग पाहिला की संशय घेतो. तुमचे रंगाचे पैसे जातात आणि वर भावही उतरतो. त्यापेक्षा गाडी स्वच्छ धुवा, दाराखालची भोके बारीक तारेने मोकळी करा, आतली ओली मॅटिंग काढून वाळवा, प्लॅस्टिक काढून हवा खेळेल असे सुती आच्छादन घाला आणि गाडी विटांच्या किंवा फरशीच्या कोरड्या जमिनीवर घ्या.

काढलेले सामान भंगारात देऊ नका. फुटका दिवा, वाकलेली टोपी, तुटके नाव, जुनी किल्ली, पहिले बिल, माहितीपुस्तक, सारे एका पेटीत ठेवा. त्या पेटीलाही भाव येतो. आणि भाव सांगण्याआधी निदान दोघा-तिघांना गाडी दाखवा. पहिल्या माणसाने नोटा मोजल्या म्हणून घाई करू नका.

पन्नास वर्षांचा कायदा

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि पुढच्या नोंदणीसाठी ५ हजार रुपये असे शुल्क ठरवण्यात आले. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

म्हणजे १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयात आल्या आहेत आणि दरवर्षी आणखी येणार आहेत. आज आपण ज्याला मूळपणा म्हणतो तो उद्या कायद्याच्या कागदावर तपासला जाणार आहे. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. आणि पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी लग्नाला भाड्याने देणे एरवीही कायद्यात बसत नाही. ‘गाडी घ्या, लग्नसराईत पैसे वसूल होतील’ असे कुणी सांगितले तर आधी आरटीओत जाऊन विचारावे, मग फंडाच्या पैशाला हात लावावा.

शेवटी आपल्या तरुणांना एक सांगावेसे वाटते. पत्रा न कापता सरळ करणारा, पुट्टीऐवजी हातोडीने आकार देणारा डेंटर आता सहज सापडत नाही. आपल्या वस्त्यांत हे हात अजून आहेत. काकांसारखी मापाची नजर असलेली माणसेही आहेत. त्यांच्याकडे बसून हे काम शिकावे, केलेल्या प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत आणि पक्की पावती द्यावी. गाडी पारखून देणे हेही काम आहे आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो, तसेच हे.

गाडी पाहायला जाताना सोबत एवढे न्यावे : वही-पेन, टॉर्च, फडक्यात गुंडाळलेला चुंबक, पांढरे फडके, पेन्सिल आणि कागद. बयाण्याचे पैसे मात्र त्या दिवशी घरीच ठेवावेत.